आमदार-खासदारांना 'दोनच टर्म' हवी असेल तर आधी गावच्या सोडतीकडे बघा

कृष्णाकाठ

निवडणूक जवळ आली की एक मागणी हमखास पुढे येते. दोन टर्म झाल्या की आमदार-खासदारांनी घरी बसावं, नव्यांना वाव द्यावा. या मागणीमागचा संताप मला पूर्ण कळतो. कारखाना, दूधसंघ, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था आणि वर आमदारकी, सगळं एकाच वाड्यात, हे आमच्या सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. तरीही मी या मागणीच्या विरोधात आहे. त्याची कारणं मला तहसील कचेरीच्या सभागृहात सापडली.

पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, तेव्हापासून सरपंचपदाचं आरक्षण फिरतं आहे. दर पाच वर्षांनी सोडत. काचेची बरणी, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, शाळेतल्या एखाद्या पोराला बोलावून काढलेली चिठ्ठी, आणि मागं उभ्या असलेल्या पॅनेलवाल्यांचे श्वास रोखलेले चेहरे. यंदा सर्वसाधारण, पुढच्या खेपेला ओबीसी महिला, त्यापुढं अनुसूचित जाती. महिलांचा वाटा आधी एक तृतीयांश होता, महाराष्ट्रानं २०११ मध्ये तो निम्मा केला. एकदा सरपंच झालेल्याला पुढच्या वेळी त्याच पदावर उभं राहता येईल याची खात्री नाही. कायद्यात मुदतीची मर्यादा असं कुठं लिहिलेलं नाही, पण व्यवहारात ती तीस वर्षं चालू आहे.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. या मर्यादेनं काय केलं ते जवळून पाहिलं. एक मोठं भलं झालं: ज्या घरातल्या बाईनं चावडीची पायरी चढली नव्हती ती खुर्चीत बसली. ते आता कुणी मागं फिरवू शकत नाही आणि फिरवूही नये.

पण सत्ता कुठं गेली? वित्त आयोगाचा निधी आता ऑनलाइन खर्च होतो. सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांच्या डिजिटल सह्या लागल्याशिवाय बिल निघत नाही. एका गावात तपासणीला गेलो, तर दोघांचे डोंगल, म्हणजे डिजिटल सहीसाठी संगणकाला लावायच्या किल्ल्या, संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, एकाच रबरबँडमध्ये बांधलेले, आणि सोबत पिन लिहिलेला चिठोरा. सरपंचबाईंना मी गटारीच्या बिलाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "साहेब, यावर माझी सही कधी झाली?" बिल निघून महिना झाला होता. सही त्यांचीच होती.

त्याच गावातल्या पॅनेलप्रमुखानं आयुष्यात एकही पद घेतलेलं नाही. तो कधी सदस्यही नव्हता. मी त्या तालुक्यात रुजू झालो तेव्हा गाव त्याच्या शब्दावर चालत होतं, निवृत्त झालो तेव्हाही चालत होतं. मधल्या काळात सरपंच येत गेले, जात गेले. मुदत पदाला लागते, पदावर बसवणाऱ्याला लागत नाही. हीच गोष्ट विधानसभेला लावली तर काय होईल याचा विचार करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरी बाजू सांगोल्याची. गणपतराव देशमुख १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. दोन टर्मचा नियम असता तर ते सत्तरच्या दशकातच संपले असते. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा, टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठीचा पाठपुरावा, ही कामं दहा वर्षांत उरकणारी नव्हती. टेंभूची मंजुरी १९९६ ची, पाणी टोकापर्यंत जायला दोन दशकांहून जास्त लागली. फाइल कुठं अडली, कुणाच्या काळात अडली, हे लक्षात ठेवणारा माणूस सभागृहात लागतो. आणि लोकांना नको वाटले तेव्हा, १९७२ ला आणि १९९५ ला, त्यांनी गणपतरावांना पाडलंही. ती ताकद मतदाराकडे आहेच.

पदवीधर

काका, आदर ठेवून पूर्ण असहमत. सांगोल्याचं उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं, कारण दुसरं चटकन सापडत नाही. एका माणसाच्या सचोटीवर नियम बेतायचा नसतो.

मतदार पाडू शकतो म्हणता. पण लढत बरोबरीची आहे का? आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. गावोगावच्या बसथांब्यावर, व्यायामशाळेवर, स्मशानभूमीच्या शेडवर त्याचं नाव रंगवलेलं असतं, आणि तो रंग सरकारी पैशाचा असतो. समोरचा नवखा उमेदवार ४० लाखांच्या खर्चमर्यादेत लढणार. ती मर्यादा प्रत्यक्षात किती पाळली जाते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी गेल्या निवडणुकीत एका अपक्ष मैत्रिणीच्या प्रचारात होतो. बूथवर बसायला माणसं मिळेनात. "तुझं पटतं, पण उद्या पोराच्या बदलीला त्यांच्याकडेच जायचंय" असं लोकांनी तोंडावर सांगितलं. वीस-पंचवीस वर्षं एकच माणूस असला की सगळा तालुका त्याच्या उपकारात असतो. हे उपकाराचं चक्र कधीतरी कायद्यानं तोडायला हवं.

आणि मर्यादा चालत नाही हे खोटं आहे. क्रिकेटमध्ये बघा. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टानं जुलै २०१६ मध्ये मान्य केल्या. वयाची अट सत्तर, एका कार्यकाळानंतर सक्तीची विश्रांती. इतकी वर्षं खुर्च्या अडवून बसलेले सर्वपक्षीय दिग्गज उठले. शरद पवारांनीही त्या डिसेंबरात मुंबई क्रिकेट असोसिएशनचं अध्यक्षपद सोडलं. नियम आला म्हणूनच हे घडलं.

सत्तरीकर

गोव्यातून लिहितो. आमच्या सत्तरी तालुक्यात प्रतापसिंह राणे १९७२ पासून पन्नास वर्षं आमदार होते. २०२२ च्या जानेवारीत त्यांना आजन्म कॅबिनेट दर्जा दिला गेला. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत, पर्येतून त्यांच्या सूनबाई निवडून आल्या, शेजारच्या वाळपईतून मुलगा. म्हणजे माणूस थांबला तरी जागा घरातच राहिली. मुदतीचा कायदा असता तर हेच वीस-तीस वर्षं आधी घडलं असतं, एवढाच फरक.

पण गोव्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. चाळीस मतदारसंघ, एकेकात सरासरी तीसेक हजार मतदार. आमदाराला घराघराची माहिती असते. नव्वदच्या दशकात आम्ही इतक्या वेळा मुख्यमंत्री बदललेले पाहिले की कुठल्या फाइलवर कुणाची सही आहे हे अधिकाऱ्यांनाच माहीत असायचं. तेव्हा लोकांना अनुभवी माणसाची किंमत कळली.

माजी_सरपंच

कृष्णाकाठदादा, तुमचा डोंगलचा किस्सा वाचून हात थरथरला, कारण माझाही डोंगल पहिलं वर्षभर माझ्याकडे नव्हता. पण तुम्ही त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का नाही ते सविस्तर लिहिते.

आमचं गाव मराठवाड्यात. सरपंचपद अनुसूचित जाती महिला निघालं तेव्हा पॅनेलवाल्यांनी माझ्या मालकांना विचारलं, मला नाही. मी दहावी झालेली, बचत गटाची सचिव होते, हिशेब येत होता. निवडून आल्यावर ग्रामसभेत माझी खुर्ची मधोमध ठेवायची की कडेला यावर वाद झाला. उपसरपंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही सह्या करा, बाकी आम्ही बघतो."

पहिलं वर्ष मला नमुने समजण्यात गेलं. नमुना नंबर आठ काय, नऊ काय, कर आकारणीची नोंदवही कुठं असते, मासिक सभेचं इतिवृत्त कुणी लिहायचं. यशदा या सरकारी संस्थेच्या प्रशिक्षणात दिलेलं पुस्तक मी रात्री चुलीपाशी बसून वाचलं. दुसऱ्या वर्षी मी ग्रामसेवकाला म्हणाले, सभेचं प्रोसिडिंग सभेतच लिहायचं आणि सभा संपायच्या आधी वाचून दाखवायचं. तोवर ते कोऱ्या जागा सोडून नंतर लिहिलं जायचं. त्या एका गोष्टीवरून तीन महिने भांडण चाललं. शेवटी वाचून दाखवायला लागले. आमच्या वस्तीवर पाण्याची टाकी होती पण पाइपलाइन कधी मंजूरच होत नव्हती. इतिवृत्तात लिहिलेलं बाहेर वाचलं जायला लागल्यावर तो ठराव कुणाला दाबता आला नाही. चौथ्या वर्षी वस्तीत नळ आला.

आता मला सांगा, आरक्षण फिरलं नसतं तर मला ते पद कधी मिळालं असतं? सात जन्मांत नाही. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खुर्ची होती त्यांना मुदतीची मर्यादा म्हणजे नुकसान वाटतं. आमच्यासाठी तेच दार आहे.

पण दादा, एका गोष्टीत तुम्ही बरोबर आहात. पाचवं वर्ष आलं तेव्हा मला काम करता येऊ लागलं होतं, आणि सोडतीत पद सर्वसाधारण निघालं. मी उभं राहायचं ठरवलं. त्याच पॅनेलनं सांगितलं, "आता तुमची पाळी झाली." सर्वसाधारण म्हणजे त्यांच्या लेखी 'आमची'. मी एकटीनं अर्ज भरला आणि पडले. नव्या सरपंचानं पहिल्याच महिन्यात इतिवृत्त वाचणं बंद केलं.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे. दार उघडं ठेवा, पण आत आलेल्या बाईला काम शिकून ते करून दाखवण्याइतका वेळ द्या. तमिळनाडूत पंचायतीचं आरक्षण दहा वर्षांनी फिरतं. तसं इथंही करा. दोन टर्म तेच आरक्षण राहिलं तर पहिल्या टर्मचं काम दुसऱ्या टर्मला मतदारांपुढे ठेवता येतं.

नोंदवही

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मनापासून नमस्कार करावासा वाटला. इतिवृत्ताची लढाई किती महत्त्वाची असते हे मी आयुष्यभर पाहिलं आहे, कारण माझी सगळी नोकरी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात झाली. तिथला अनुभव देतो.

महापालिकेत मुदतीची मर्यादा कायद्यातच मुरलेली आहे. महापौर अडीच वर्षांचा, आणि त्याचंही आरक्षण मंत्रालयातल्या सोडतीवर. स्थायी समितीत सोळा सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त. सभापतीची निवड दरवर्षी नव्यानं. हेतू चांगला होता, तिजोरीची किल्ली एकाच्या हाती राहू नये.

प्रत्यक्षात काय होतं? सभापती निवडून येतो, सत्कार-हारतुऱ्यांत महिना जातो. मग आयुक्तांनी स्थायीला सादर केलेलं अंदाजपत्रक समोर येतं. लेखाशीर्ष म्हणजे काय, महसुली आणि भांडवली खर्च वेगळा का, गेल्या वर्षी न झालेल्या कामांचं दायित्व यंदाच्या आकड्यात कुठं दडलंय, हे समजायला अनुभवी माणसाला दोन अंदाजपत्रकं लागतात. याला एकच मिळतं. मग तो काय करतो? आयुक्तांच्या आकड्यात काही कोटी वाढवून प्रत्येक नगरसेवकाच्या प्रभागाला थोडं थोडं वाटतो. ते उत्पन्न येणार कुठून हे कुणी विचारत नाही, कारण विचारणारा तोवर समितीतून निवृत्त झालेला असतो.

माझ्या नोकरीत एकच नगरसेवक असे पाहिले की ज्यांना मुख्य लेखापाल घाबरायचे. सलग पाच वेळा निवडून आले होते. सभेला येताना मागच्या आठ वर्षांच्या अंदाजपत्रकांच्या प्रती पिशवीतून आणायचे आणि पान क्रमांकासह विचारायचे, हा उड्डाणपूल तुम्ही कितव्यांदा दाखवताय? अधिकाऱ्यांची बोलती बंद व्हायची. त्यांच्या विरोधकांनासुद्धा ते सभागृहात हवे असायचे.

आणि लोकप्रतिनिधी अजिबातच नसले तर काय होतं तेही आपण अनुभवलं. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर चारेक वर्षं प्रशासक. आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि आयुक्तच मंजूर करणार. रस्त्याच्या खड्ड्याबद्दल जाब विचारायला माणूसच नव्हता.

ट्रॉयवासी

मी मिशिगनमध्ये राहते, तेवीस वर्षांपूर्वी सातारहून आले, आता इथली मतदार आहे. इथं हा प्रयोग पूर्ण करून झाला आहे, म्हणून लिहिते.

मिशिगनच्या मतदारांनी १९९२ मध्ये सार्वमतानं राज्याच्या आमदारांना मर्यादा घातली. खालच्या सभागृहात जास्तीत जास्त सहा वर्षं, सिनेटमध्ये आठ, तीही आयुष्यभरासाठी. देशातल्या सर्वांत कडक नियमांपैकी हा एक होता. उत्साह इतका की राज्यानं वॉशिंग्टनला जाणाऱ्यांनाही मर्यादा घातली, पण १९९५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की संघीय प्रतिनिधींवर राज्यांना अशी अट घालता येणार नाही.

राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगमध्ये, पुढं काय झालं? दोन वर्षांची टर्म, तिसऱ्या टर्मला निवृत्ती. म्हणजे पहिली टर्म शिकण्यात, तिसरी पुढची जागा शोधण्यात. सभागृहाचा अध्यक्ष होणारा माणूस जेमतेम चार वर्षं अनुभवी. वेन स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या बदलाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि त्यांना दिसलं की नवे आमदार माहितीसाठी लॉबीवाल्यांवर, म्हणजे कंपन्या-संघटनांची बाजू आमदारांना पटवणाऱ्या पगारी लोकांवर, आणखी विसंबू लागले. लॉबीवाल्याला मुदत नसते. कृष्णाकाठकाकांचा पॅनेलप्रमुख मला इथं चकचकीत सुटात भेटतो.

करिअर राजकारणीही संपले नाहीत, ते फक्त जागा बदलत राहिले. एका पायरीवर मुदत लागली की वरच्या पायरीवर. आपले बेळगावचे श्री ठाणेदार यांचंच बघा: २०२० मध्ये मिशिगनच्या विधानसभेत निवडून आले, एका टर्मनंतर २०२२ मध्ये थेट संघीय प्रतिनिधिगृहात. त्यांनी नियम मोडला असं अजिबात म्हणत नाही. शिडी अशी बांधली की लोक तशीच चढणार.

शेवटी २०२२ मध्ये आम्ही नियम बदलला. आता दोन्ही सभागृहं मिळून बारा वर्षं, आणि ती सगळी एकाच सभागृहात काढता येतात. सोबत मालमत्ता-उत्पन्न जाहीर करण्याची सक्ती. सुमारे दोन तृतीयांश मतं बाजूनं पडली, त्यात माझं एक. मर्यादा काढून टाकावी असं मात्र कुणालाच वाटत नव्हतं, हेही पदवीधर यांच्या बाजूनं नोंदवते.

प्रशासकाचा विषय निघालाय म्हणून फ्लिंटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते शहर माझ्यापासून तासाभरावर. निवडून आलेल्या महापौर-नगरसेवकांचे अधिकार काढून राज्यानं तिथं आपत्कालीन व्यवस्थापक नेमला होता. मतदारांनी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तो कायदा फेटाळला, तर विधिमंडळानं डिसेंबरमध्येच नवा आणला आणि त्याला निधीची तरतूद जोडली, म्हणजे पुन्हा सार्वमत घेता येऊ नये. त्याच व्यवस्थेत एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचं पाणी फ्लिंट नदीवर वळवलं. गंजरोधक प्रक्रिया केली नाही, शिशाच्या जुन्या पाइपांतून विष घराघरात गेलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येत होते, आणि समोर बसलेल्यांना त्यांच्या मताची गरज नव्हती. मी तिथं बाटलीबंद पाणी वाटायला गेले होते. एक आजी विचारत होत्या की नातवाच्या आंघोळीला किती बाटल्या देता. त्यानंतर, निवडून आलेला माणूस म्हणजेच सगळ्या रोगाचं मूळ, हे वाक्य मला ऐकवत नाही.

लालबिल्ला

सगळे प्रतिसाद वाचले. माझा मुद्दा वेगळ्या टोकाचा आहे.

मी शेतकरी संघटनेच्या शिबिरांत घडलो. शरद जोशींनी आम्हाला शिकवलं की सरकारकडून प्रश्न सुटण्याची वाट बघू नका, बरेचसे प्रश्न सरकारच जन्माला घालतं. तुम्ही सगळे खुर्चीवर कोण आणि किती वर्षं यावर भांडताय. मला विचारायचंय, त्या खुर्चीत एवढी ताकद आली कुठून?

उसाचंच घ्या. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचं हवाई अंतर लागतं. म्हणजे माझ्या शिवारात दुसरा कारखाना निघूच शकत नाही. मग जो आहे त्याचा अध्यक्ष माझा देव. त्यानं तोड दिली नाही तर ऊस वाळणार. कांद्याचा भाव जरा वर आला की दिल्लीतून निर्यातबंदी किंवा निर्यातशुल्क. परवाना, कोटा, अंतर, बंदी, हे सगळं ज्याच्या हातात तो वीस वर्षं राहणारच, नाही राहिला तर त्याचा मुलगा राहणार. त्याला दोन टर्मनंतर काढलंत तर तेच अधिकार घेऊन दुसरा येईल, आणि त्याला माहीत असेल की आपल्याकडे दहाच वर्षं आहेत.

नदीचं पाणी उपसायचं सोडून काठावरच्या माणसाची पाळी ठरवण्यात अर्थ नाही. सत्तेचा साठाच कमी करा. अंतराची अट काढा, बदल्यांतली आमदारांची शिफारस काढा, आमदार निधी बंद करा. मग आमदारकीसाठी आयुष्य कोण घालवतं ते बघू. जे घालवतील ते कायदे करायला आलेले असतील.

निळी_शाई

लालबिल्ला, तुमच्या उसाबद्दल वाद नाही. पण सरकार लहान करा हे वाक्य प्रत्येक घरात वेगळं ऐकू येतं. ज्याच्याकडे पंचवीस एकर ऊस आहे त्याला सरकार म्हणजे अडथळा. वरच्या सरपंचताईंच्या वस्तीला नळ बाजारानं दिला नाही, ग्रामपंचायतीच्या ठरावानं दिला. माझ्या वडिलांची शिष्यवृत्ती, आईचं रोजगार हमीवरचं काम, माझं वसतिगृह, सगळं कुणीतरी सभागृहात भांडून मिळवलेलं आहे. आमच्या घरात सरकार हे आधाराचं नाव आहे. सरकार ताकदवान असावंच, आणि म्हणूनच ते एका माणसाच्या हातात राहू नये.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल स्पष्ट इशारा दिला होता, की ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. मला मर्यादा हवी आहे ती या कारणासाठी. पण कुठल्या पदाला? घटनेच्या मसुद्यात राष्ट्रपतींना एकदाच फेरनिवडणूक अशी अट होती, समितीनं ती काढली. पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांना कधी नव्हतीच. माझ्या मते मर्यादा तिथं हवी, जिथं एका सहीनं पोलीस हलतात आणि पैसा हलतो. साध्या आमदाराला नको. विरोधी बाकावर तीस वर्षं बसलेल्या माणसाकडून लोकशाहीला धोका नाही.

कृष्णाकाठ

निळी_शाई यांनी जी रेघ ओढली ती मला मान्य आहे. बोलणाऱ्या पदाला मुदत नको, सही करणाऱ्या पदाला हवी. फक्त मुख्यमंत्र्यांबद्दल थोडं थांबावंसं वाटतं. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, त्याच काळात रोजगार हमी उभी राहिली. उलट जून १९८० ते जून १९८५ या पाच वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा आणि निलंगेकर असे चार मुख्यमंत्री झाले, आणि ते कुणी बदलले? मतदारांनी नव्हे, दिल्लीनं. लहान मुदत म्हणजे लोकांचा धाक असं समीकरण मांडता येत नाही.

रोजगार हमीचं नाव आलंच आहे तर वि. स. पागेंबद्दल लिहितो, कारण ते आमच्या भागातले. १९६० ते १९७८ सलग अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यात साठच्या दशकात छोट्या प्रमाणावर प्रयोग, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर काम, १९७७ मध्ये कायदा. एका कल्पनेमागं एक माणूस बारा वर्षं चिकटून राहिला. मिशिगनच्या नियमात हा माणूस बसत नाही.

पदवीधर, क्रिकेटबद्दल. विश्रांतीची अट सुप्रीम कोर्टानंच सप्टेंबर २०२२ मध्ये सैल केली, सलग दोन कार्यकाळ करायला मुभा दिली. सहकारी बँकांचंही तेच. २०२० च्या कायद्यानं संचालकांना सलग आठ वर्षांची मर्यादा आली आणि २०२५ मध्ये ती दहा झाली. पण तिथं मर्यादा असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. संचालक मंडळात कर्ज मंजूर होतं, ठेवीदाराचा पैसा हलतो. आणि वार्षिक सभा कशा होतात? अध्यक्ष विषय वाचायला सुरुवात करतात, मागून "मंजूर, मंजूर" असा गलका होतो, प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातला माइक बंद होतो आणि पाऊण तासात जेवणाच्या पंगती बसतात. तिथं मतदार पाडू शकतो हा माझा युक्तिवाद चालत नाही, कारण मतदारच अध्यक्षांनी भरलेले असतात.

पदवीधर

म्हणजे काका, सभासद अध्यक्षानं भरलेले असतात म्हणून बँकेत मर्यादा हवी, आणि अख्खा तालुका आमदाराच्या उपकारात असतो तरी तिथं नको? मला हा फरक अजून पटत नाही. पण लालबिल्ला यांच्या यादीतल्या आमदार निधी आणि बदल्या या दोन गोष्टी खरंच बंद झाल्या, तर मी दोन टर्मचा आग्रह सोडायला तयार आहे. त्या होणार नाहीत म्हणूनच मर्यादा मागतो.

नोंदवही

सगळ्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीनं लोकसभा-विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, आणि या जागा प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर फिरणार आहेत. सरपंचताईंनी गावात जे सोसलं ते आता आमदारांच्या वाट्याला येईल. फरक इतकाच की तिथं पाच वर्षांऐवजी मधला काळ मोठा असेल. तेव्हा मर्यादा हवी की नको यापेक्षा, फिरणाऱ्या जागेवर आलेल्या बाईला काम शिकण्याची सोय काय, हा प्रश्न जवळचा आहे. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीत, अंदाज समितीत त्यांना पहिल्या वर्षापासून घेतलं पाहिजे. आकडे वाचायची सवय तिथंच लागते.

माजी_सरपंच

नोंदवहीकाका, तेच म्हणते. आणि पंचायतीच्या बाबतीत राज्याला कुणाची वाट बघायची गरज नाही. घटनेत पदं फिरती ठेवा एवढंच आहे, किती वर्षांनी फिरवा ते लिहिलेलं नाही. आपल्या विधानसभेनं ठरवलं तर दहा वर्षं होऊ शकतात. आमच्या तालुक्यातल्या आम्ही काही आजी-माजी सरपंच बायका मिळून याचं निवेदन तयार करतोय, नागपूर अधिवेशनाच्या आधी तीन आमदारांना देणार आहोत. सोबत दुसरी मागणी: मासिक सभेचं इतिवृत्त सभा संपण्याआधी वाचून दाखवणं आणि दुसऱ्या दिवशी फलकावर लावणं सक्तीचं करा. कृष्णाकाठदादा, मसुद्याची भाषा कचेरीला चालेल अशी करून द्याल का? ट्रॉयच्या ताई, मालमत्ता जाहीर करायचा तुमच्याकडचा नमुना मराठीत कुणी केला असेल तर तोही पाठवा.

कृष्णाकाठ

ताई, मसुदा पाठवा, रविवारपर्यंत करून देतो. दहा वर्षांच्या मागणीला माझी सहीही घ्या.